नमकहलाली, नाराजी आणि मावळचे दोन देशमुख

आपल्याकडे निष्ठेची सगळी भाषा मिठाभोवती फिरते. मिठाला जागला तो नमकहलाल, जागला नाही तो नमकहराम. हे दोन शब्द फारसीतून मराठीत आले आणि इथे इतके रुळले की बखरींपासून निवडणुकीच्या सभांपर्यंत सगळीकडे भेटतात. गंमत अशी की दोन्ही शब्द मीठ खाणाऱ्याबद्दल आहेत. मीठ घालणाऱ्याने ते वेळेवर घातले का, शब्द दिल्याप्रमाणे घातले का, की नुसते दाखवून परत नेले, यासाठी भाषेने एकही शब्द राखून ठेवलेला नाही. चाकर गेला की त्याची झाडाझडती होते, धन्याची होत नाही.

इतिहास वाचताना मला हे एकतर्फी गणित सतत खुपते. त्यात आपल्या काळाने आणखी एक सोय करून ठेवली आहे. सतराव्या शतकातला एखादा माणूस एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेला की त्याचे कारण शोधायचे कष्ट कोणी घेत नाही. त्याचा धर्म पाहायचा आणि निकाल द्यायचा. हिंदू मुघलांकडे गेला तर फितूर, मुसलमान मराठ्यांकडे राहिला तर अपवाद. पण जुनी कागदपत्रे उघडली की चित्र वेगळे दिसते. माणसे तेव्हाही आजच्यासारखीच होती. नेत्याकडून त्यांच्या काही अपेक्षा असत. त्या पुऱ्या झाल्या की ती जीव द्यायला तयार होत. मोडल्या की कोणी भांडे, कोणी निघून जाई, कोणी हात आखडता घेई आणि कोणी स्वतःलाच संपवी.

हे सगळे नमुने पाहायला फार लांब जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातले भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे दोन तालुके पुरेसे आहेत. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांची ही खोरी. रोहिडखोरे, हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही त्यांची जुनी नावे. बारा मावळांतला मोठा हिस्सा इथेच येतो. तोरणा आणि राजगड हे किल्ले पूर्वीच्या वेल्ह्यात, रोहिडा आणि रायरेश्वर भोरमध्ये. राजधानी रायगडावर जाण्यापूर्वीची महत्त्वाची वर्षे स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालला. म्हणजे चाकर आणि धनी यांच्या नात्याची पहिली परीक्षा याच मातीत झाली.

एक खोरे, दोन निर्णय

१६५९ साली विजापूरच्या अली आदिलशहाने अफजलखानाला शिवाजी महाराजांवर पाठवले. मावळातल्या देशमुखांना फर्माने सुटली. त्यातले १६ जून १६५९चे फर्मान कान्होजी जेधे यांच्या नावाचे आहे. अफजलखानाच्या हुकमात राहून चाकरी करावी, हा त्याचा आशय. रोहिडखोऱ्यात देशमुखीचे दोन मोठे दावेदार होते: कारीचे जेधे आणि उत्रौळीचे खोपडे. दोन्ही गावे आजच्या भोर तालुक्यात. दोघेही मराठा, दोघेही पिढीजात वतनदार, दोघांच्याही वतनाचा कायदेशीर मालक विजापूरचा बादशहा. तरी दोघांनी दोन वाटा धरल्या. खंडोजी खोपडे अफजलखानाकडे गेला आणि कान्होजी फर्मान घेऊन राजगडाकडे.

धर्माने हा फरक उलगडत नाही. खानाच्या फौजेत मराठा सरदार भरपूर होते, खुद्द महाराजांचे चुलते मंबाजी भोसले त्यात होते आणि ते प्रतापगडाखाली मारले गेले. उलट महाराजांच्या भेटीच्या वेळच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता आणि पायदळाची सरनोबती त्याआधी नूरखान बेग याने सांभाळली होती. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: कान्होजीला विजापूरकडून काय मिळाले होते, आणि राजगडाकडून काय मिळत होते?

कान्होजींचा विजापूरचा अनुभव कडू होता. रणदुल्लाखानाच्या काळात ते शहाजीराजांच्या दिमतीला आले. त्यांच्याबरोबर कर्नाटकात राहिले, लढले. १६४८च्या जुलैत जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली तेव्हा त्यांच्याबरोबर कान्होजीही धरले गेले. १६४९च्या मे महिन्यात सुटका झाली. ज्या दरबाराची चाकरी केली त्यानेच बेडी घातली. सुटल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात आपल्या मुलाकडे पाठवले. त्यानंतर दहा वर्षांनी जेव्हा फर्मान आले, तेव्हा त्या कागदावरच्या आश्वासनाची किंमत कान्होजींना ठाऊक होती.

तरीही वतन सोडणे सोपे नव्हते. वतन म्हणजे आजची नोकरी नव्हे. त्यात जमीन, हक्क, मानपान, देवळातली जागा, पोराबाळांची लग्ने, सगळे येते. कान्होजी आपल्या मुलांना घेऊन महाराजांपुढे गेले. जेधे घराण्याच्या करीन्यात या भेटीचा वृत्तांत आहे. महाराजांनी त्यांना भावनेत गुंडाळले नाही. खोपडे गेलेच आहेत, तुम्ही गेला नाहीत तर वतन जाईल, जिवावर बेतेल, हे स्पष्ट सांगितले. कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. यानंतरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. महाराजांनी त्यांचा कबिला तळेगाव ढमढेऱ्याला, धोक्याच्या बाहेर, हलवण्याची व्यवस्था लावून दिली. शाबासकी देऊन विषय संपवला नाही. जो माणूस आपल्यासाठी घर पणाला लावतो, त्याच्या घराची काळजी ही आपली जबाबदारी, एवढे भान त्या नेत्याला होते. कान्होजी मग मावळातल्या बाकीच्या देशमुखांकडे गेले आणि त्यांना एकत्र आणले.

खंडोजीची बाजू कोणी लिहून ठेवली नाही, पण त्याचा हिशेब समजायला अवघड नाही. जेधे-खोपडे वाद जुना. नव्या राजवटीत देशमुखांचे अधिकार आवळले जात होते. गढ्या, वाडेहुडे पाडून त्यांना साधी घरे बांधून राहायला सांगितले जात होते. रयतेकडून किती घ्यायचे तेही ठरवून दिले जात होते. रयतेच्या दृष्टीने हे न्यायाचे होते, पण देशमुखाच्या दृष्टीने हातातले हिसकावणे होते. त्यात शेजारच्या जेध्यांचे वजन वाढत होते. अशा माणसाला खान सगळ्या रोहिडखोऱ्याची देशमुखी दाखवत असेल, तर त्याला घसरायला वेळ लागत नाही. हे त्याच्या वागण्याचे समर्थन नाही. कारण समजणे आणि माफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण अलीकडे विसरत चाललो आहोत.

प्रतापगडानंतर खंडोजीने खानाच्या मुलाला, फाजलखानाला, जंगलातून बाहेर काढले आणि स्वतः लपत राहिला. शेवटी गुंजण मावळच्या हैबतराव शिळिमकरांमार्फत कान्होजींकडे रदबदली केली. कान्होजींनी महाराजांकडे त्याचा जीव मागितला. जीव मिळाला, पण एक हात आणि एक पाय कलम झाला. शब्द जिवाचा दिला होता, तो पाळला. गुन्ह्याची शिक्षाही दिली. आजच्या मापाने ही शिक्षा क्रूर आहे. त्या काळाच्या मापाने तिच्यात एक जाहीर नियम होता: जुन्या सहकाऱ्याची भीड राखली जाईल, पण न्याय भिडेवर चालणार नाही.

या प्रकरणाला एक शेपूट आहे. प्रतापगडानंतर जेध्यांना तलवारीच्या पहिल्या पानाचा मान मिळाला. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १६६०ला, घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि हिरडस मावळच्या बांदलांची माणसे कापली गेली. महाराजांना बांदलांचा सन्मान करायचा होता, पण पहिले पान एकच. परंपरा सांगते की त्यांनी कान्होजींशी आधी बोलून, त्यांच्या संमतीने ते पान बांदलांना दिले. ज्याचा मान कमी होणार आहे त्याला तो भर दरबारात कळू नये, आधी घरात कळावा. कुठल्याही कचेरीत बढतीच्या यादीने जी आग लागते, ती विझवण्याचा उपाय या एका गोष्टीत आहे.

दोन सरनोबत

म्हणून शिवाजी महाराजांच्या पदरी कोणी नाराज झालेच नाही असे मानणे भाबडेपणा होईल. त्यांच्या घोडदळाच्या दोन सरनोबतांची कहाणी पाहा.

नेतोजी पालकर म्हणजे प्रतिशिवाजी अशी ख्याती असलेला माणूस. पुरंदरचा तह जून १६६५मध्ये झाला. जानेवारी १६६६मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. नेतोजी वेळेवर पोचला नाही, हा ठपका आला आणि सरनोबती गेली. नेतोजी विजापूरकडे गेला, तिथून मिर्झाराजे जयसिंगांनी त्याला मुघलांकडे ओढले. महाराज आग्र्याहून निसटले तेव्हा औरंगजेबाचा संशय नेतोजीवर पडला. त्याला कैद करून दिल्लीला नेले. १६६७मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला आणि तो मुहम्मद कुलीखान झाला. पुढे त्याला अफगाण मोहिमेकडे पाठवले गेले. १६७६मध्ये तो परत आला आणि महाराजांनी त्याला परत घेतले.

या गोष्टीत आपल्याला नेहमी फक्त धर्मांतर आणि शुद्धीकरण दाखवले जाते. मला त्यात तीन धनी दिसतात. पहिल्याने वर्षानुवर्षांच्या कामगिरीनंतर एका चुकीपायी पद काढले. दुसऱ्याने, विजापूरने, त्याचा वापर केला. तिसऱ्याने त्याच्या मनसबीला संशयाची किनार लावली आणि कैदेत टाकून नाव बदलायला लावले. कैदेतल्या माणसाचा कलमा हा त्याच्या मनाचा कौल मानता येत नाही. हे मुसलमान म्हणून आपणच सर्वांत आधी म्हणायला हवे, कारण दीनमध्ये जबरदस्ती नाही ही शिकवण आपली आहे. आणि दहा वर्षांनी तो ज्याच्याकडे परतला, तो पहिलाच धनी होता. त्या धन्याने दार उघडे ठेवले होते. नेतोजीला काढणे बरोबर होते की चूक यावर वाद होऊ शकतो, पण त्याला परत घेण्यात मोठेपणा होता, यावर होऊ नये.

नेतोजीनंतर सरनोबत झाले प्रतापराव गुजर. १६७३मध्ये उमराणीजवळ त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडीत पकडले आणि शरण आल्यावर जाऊ दिले. खान पुन्हा उलटला. महाराजांनी कडक शब्दांत जाब विचारला. तो जाब प्रतापरावांच्या मनात इतका रुतला की २४ फेब्रुवारी १६७४ला नेसरीजवळ अवघ्या सहा स्वारांसह ते खानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण मारले गेले.

मराठी मनाने या घटनेला शौर्याचे शिखर केले आहे. शौर्य होतेच. पण सेनापती मेला, फौजेने आपला अनुभवी नेता गमावला, आणि खान तसाच राहिला. म्हणजे नेत्याच्या एका बोचऱ्या वाक्याचे दोन परिणाम इतिहासात शेजारी शेजारी उभे आहेत. एक सेनापती दुखावून निघून गेला, दुसरा दुखावून मरायला गेला. पहिल्याला आपण फितूर म्हणतो, दुसऱ्याला वीर. दुखणे मात्र एकाच जातीचे होते. ज्याच्याकडून कौतुकाची अपेक्षा असते, त्याच्याच तोंडून ठपका आला की माणूस तोल सांभाळू शकत नाही.

वैरण संपली की

महाराजांनी स्वतः या गोष्टीचा विचार केला होता, याचा पुरावा त्यांच्या पत्रांत आहे. १६७०च्या दशकातले चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र बहुतेकांना माहीत असते. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या आशयाने ते सांगितले जाते. पण त्या पत्राची गाठ वेगळ्या जागी आहे. महाराज लिहितात त्याचा मथितार्थ असा: साठवलेली वैरण आणि दाणा आजच बेफिकिरीने उडवलात, तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, धान्य, भाकरी, गवत, लाकूड उचलाल, रयत देशोधडीला लागेल आणि तिला तुमच्यापेक्षा मुघल बरे वाटतील.

इथे सैनिकाला जन्मजात चोर ठरवलेले नाही. पुरवठा तुटला की चांगला माणूसही हात मारतो, ही साखळी धनी स्वतः मांडतो आहे. म्हणून उपदेशाआधी शिलकीचा हिशेब येतो. सरदारांना मुलूख तोडून देण्यापेक्षा रोख पगार देण्याचा त्यांचा आग्रहही याच समजुतीतून आलेला होता.

दुसरे पत्र आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. जानेवारी १६७५चे, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले. जंजिऱ्याच्या सिद्दीसमोर पद्मदुर्ग उभा राहत होता. आरमाराची जबाबदारी दौलतखान आणि दर्यासारंग यांच्यावर होती. त्यांना रोकड आणि गल्ला पोचवण्याचा हुकूम जिवाजीला होता. त्याने तो पाळला नाही आणि आरमार अडून राहिले. महाराजांचा संताप पत्रातून ओसंडतो. तू गनिमाला मिळालास की काय, असा संशय ते उघड बोलून दाखवतात. ब्राह्मण म्हणून कोणी भीड धरील या भ्रमात राहू नकोस, असेही बजावतात.

म्हणजे समुद्रावर लढणारे अधिकारी मुसलमान, त्यांची रसद अडवणारा ब्राह्मण, आणि राजा उभा राहतो तो उपाशी ठेवलेल्या आरमाराच्या बाजूने. आणखी एक बारकावा आहे. समोरचा शत्रूही मुसलमानच, सिद्दी. दौलतखानाच्या निष्ठेवर संशय घ्यायला सोपे निमित्त होते. ते घेतले गेले नाही. काम अडले तेव्हा चौकशी रसद न पोचवणाऱ्याची झाली. शिवाजी महाराजांचे मुसलमान चाकर मोजून दाखवण्याचा एक छंद अलीकडे वाढला आहे. मला ती यादी फार उपयोगाची वाटत नाही. ते टिकले का, याचे उत्तर यादीपेक्षा या पत्रात आहे.

तोरण्याखालचा बादशहा

आता तीस वर्षे पुढे या. १७०४च्या फेब्रुवारीत औरंगजेबाच्या फौजेने राजगड घेतला, मार्चमध्ये तोरणा. तोरण्यावर मुघल शिड्या लावून चढले, म्हणून त्याचे नाव फुतूहुल्गैब ठेवले गेले. बादशहा तेव्हा ऐंशी पार केलेला. हिंदुस्थानातली सर्वांत श्रीमंत सल्तनत कानद खोऱ्याच्या चिखलात उतरली होती.

पण त्या सल्तनतीचे चाकर थकले होते. दख्खन काबीज करताना औरंगजेबाने इतक्या लोकांना मनसबी वाटल्या, की त्यांना द्यायला जहागिरी उरल्या नाहीत. कागदावर मनसब, प्रत्यक्षात वाट पाहणे. मिळाली तरी उत्पन्न नाही, कारण मुलूख युद्धाने उजाड. सतीश चंद्र आणि अतहर अली या इतिहासकारांनी जहागिरींच्या या संकटावर विस्ताराने लिहिले आहे. दलपतराव बुंदेल्याच्या पदरी असलेला, बुऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना हा त्या छावणीतला प्रत्यक्षदर्शी. त्याच्या फारसी आठवणींत बुडालेली जहागीर, उपाशी शिपाई आणि बेपर्वा अमीर यांची तक्रार पुन्हा पुन्हा येते.

अशा नाराजीने मुघल सरदारांनी बंड केले का? बहुतेकांनी नाही. त्यांनी त्याहून घातक गोष्ट केली. ते कामावर राहिले आणि काम करेनासे झाले. जिंजीचा वेढा १६९०पासून १६९८पर्यंत चालला आणि जुल्फिकारखान तो मुद्दाम लांबवतो आहे असा बोभाटा छावणीतच होता. विशाळगडासारखा किल्ला लढून नव्हे तर मोठी रक्कम मोजून ताब्यात आला. पावसाळा आला की घेतलेले किल्ले पुन्हा मराठ्यांकडे जात. राजगड आणि तोरणाही बादशहाच्या हातात राहिले नाहीत. इथे हिंदू मनसबदार आणि मुसलमान मनसबदार असा फरक करता येत नाही. तुराणी, इराणी, राजपूत, दख्खनी, सगळ्यांचा हात सारखाच सैल झाला होता.

इब्न खल्दूनने १३७७मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिताना हेच सूत्र मांडले होते. ज्यांच्या एकजुटीवर, म्हणजे असबियतवर, राज्य उभे राहते, त्यांनाच सत्ताधारी पुढे दूर सारतो आणि नव्यांना जवळ करतो. जुन्यांची मने आजारी पडतात आणि नव्यांना पोटापलीकडे आस्था नसते. राज्य बाहेरून पडण्याआधी आतून सुटते.

मराठ्यांनीही याच काळात आपल्या माणसांच्या अपेक्षा नव्याने मोजल्या. शंभूराजांच्या काळात जेध्यांच्याच घरातला शिवाजी जेधे मुघलांकडे गेला होता. इतके दिवस अन्न खाऊन हे काय केलेत, अशा अर्थाचा शंभूराजांचा ठपका सर्जेराव जेध्यांना लिहिलेल्या पत्रात आहे. पुढे १६९०मध्ये जिंजीहून राजाराम महाराजांचे पत्र त्याच घराण्याला आले. त्यात औरंगजेब मातब्बर मराठ्यांना बाटवतो हा मुद्दा आहे, पण त्याच्या जोडीला वतनाचे आश्वासनही आहे. धर्माचे आवाहन एकटे पुरेल असे त्या दरबारालाही वाटले नव्हते.

आंबवड्याच्या दोन समाध्या

रायरेश्वराच्या वाटेवर भोरजवळ आंबवडे हे गाव आहे. तिथे कान्होजी जेध्यांची समाधी आहे आणि शंकराजी नारायण सचिवांचीही.

शंकराजी हा पडत्या काळातला माणूस. १६९०नंतर रामचंद्रपंत अमात्यांबरोबर त्याने मावळ सावरला, गेलेले गड परत मिळवले, सचिवपद मिळवले. राजाराम महाराजांच्या मागे तो ताराबाईंशी इमान राखून होता. १७०७मध्ये औरंगजेब वारला, शाहूमहाराज मुघल कैदेतून सुटून आले आणि गादीचे दोन वारस उभे राहिले. धनाजी जाधव खेडच्या लढाईत शाहूंच्या बाजूला झाले. शाहूमहाराज शिरवळकडे आले आणि त्यांनी शंकराजीला बोलावणे पाठवले. एकीकडे ताराबाईंना दिलेला शब्द, दुसरीकडे थोरल्या शाखेचा हक्काचा वारस. शंकराजीने ऑक्टोबर १७०७मध्ये आंबवड्याला आपले आयुष्य संपवले.

दोन्ही धन्यांना त्याच्याकडून संपूर्ण निष्ठा हवी होती. त्याच्या अडचणीला जागा देणारा मार्ग दोघांनीही ठेवला नव्हता. प्रामाणिक माणसाला नेते जेव्हा अशा कात्रीत धरतात, तेव्हा लबाड सुटतो आणि प्रामाणिक कापला जातो.

शाहूमहाराजांना हे उमगले असावे. त्यांनी शंकराजीच्या घरावर सूड घेतला नाही. घरच्यांचे सांत्वन केले आणि शंकराजीच्या लहानग्या मुलाकडे, नारो शंकरकडे, सचिवपद कायम ठेवले. ते घराणे मग सातारच्या गादीशी बांधले गेले. भोर संस्थान पंतसचिवांचे झाले आणि ८ मार्च १९४८ला विलीन होईपर्यंत तसेच राहिले.

आजचा हिशेब

१९७०मध्ये अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे पुस्तक लिहिले. नायजेरियाच्या रेल्वेचा बिघडलेला कारभार पाहताना त्याला प्रश्न पडला होता: संस्था बिघडली की तिच्यातली माणसे काय करतात? त्याचे उत्तर असे की ती एकतर निघून जातात किंवा आवाज उठवतात. आणि निष्ठा असेल तर निघून जाण्याआधी बोलून पाहतात. नंतरच्या अभ्यासकांनी चौथी वाट जोडली: बेपर्वाई. माणूस खुर्चीवर असतो, मन गेलेले असते. क्रिस आर्गिरिस आणि पुढे डेनिस रूसो यांनी या सगळ्याच्या मुळाशी एक न लिहिलेला करार असतो असे म्हटले. नेमणूकपत्रात नसलेला, पण चाकराच्या मनात पक्का असलेला. तो मोडला की माणूस पगारापुरता उरतो.

आपल्याला हे सिद्धांत परके वाटायचे कारण नाही. राजगडावर फर्मान घेऊन गेलेले कान्होजी म्हणजे बोलून पाहणारा निष्ठावंत. नेतोजी निघून गेला. जुल्फिकारखान खुर्चीवर बसून राहिला. प्रतापराव आणि शंकराजी यांच्यासाठी मात्र पाश्चात्त्य पुस्तकात खण नाही. नाराजीचे शस्त्र स्वतःवर उगारणारा चाकर, हा नमुना आपल्या इतिहासाने जोडला आहे. आज कर्जाने, बदलीने, साहेबाच्या अपमानाने खचून जीव देणाऱ्या नोकरदारांच्या बातम्या वाचताना मला हा चौकटीबाहेरचा खण आठवतो.

कंत्राटी कामगार तीन-तीन वर्षे कायम होण्याच्या आशेवर राबतो आणि मग हळूहळू यंत्राकडे पाहणे सोडतो. शिक्षणसेवक मानधनाची वाट पाहत फळ्याकडे पाठ करतो. पक्षाचा कार्यकर्ता वीस वर्षे सतरंज्या उचलतो आणि तिकीट बाहेरून आलेल्याला मिळते. आपण या सगळ्यांना कामचुकार, गद्दार, संधिसाधू म्हणतो. काही जण असतीलही. पण त्यांच्यावर शिक्का मारण्याआधी हलवर्णचे पत्र वाचावे आणि विचारावे: वैरण कोणी संपवली?

मुसलमान समाजाला हा प्रश्न दुहेरी लागू आहे. आपल्या निष्ठेचा दाखला सतत मागितला जातो आणि आपणही दाखले द्यायला दौलतखान, सिद्दी इब्राहीम यांची नावे घेऊन धावतो. त्याऐवजी दौलतखानाला मिळाला तसा न्याय मागावा. रसद पोचली नाही तर दोष रसद अडवणाऱ्याला, ही मागणी कुठल्याही नागरिकाची आहे. आणि त्याच वेळी आपल्या मदरशांत, संस्थांत, ट्रस्टांत, दुकानांत राबणाऱ्या माणसांचा हिशेबही काढावा. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्या, ही पैगंबरांची शिकवण आपण तकरिरीत ऐकतो. तिथल्या उस्तादांचे आणि मोअज्जिनचे मानधन कोणत्या तारखेला होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

मिठाचा हिशेब खाणाऱ्याने द्यायचा, तसा वाढणाऱ्यानेही. कान्होजींचा कबिला तळेगावला सुखरूप पोचवणारा धनी हे जाणत होता, म्हणून कारीचा देशमुख वतनावर पाणी सोडू शकला.